दुपारचे भिडू

१. अडतीस ते चारशे बारा

अकरा दिवसांपूर्वी ती मुलगी अडतिसावी होती. आज चारशे बारावी होती. मधल्या काळात तिनं आजारपण काढलं नव्हतं, कुणाच्या प्रेमात पडली नव्हती, हात मोडून घेतला नव्हता. रोज खेळत होती आणि रोज घसरत होती.

हे सांगायला सोमवारी सकाळी तिची आई थेट कंपनीच्या कचेरीत येऊन बसली. तक्रार निवारण विभागात सहा वर्षांत हाडामांसाचं माणूस कुणी आलं नव्हतं. तक्रारी यायच्या त्या पडद्यावर, आणि त्यातल्या निम्म्या म्हणजे नुसत्या शिव्या. त्या शिव्या वाचून, वेगळ्या काढून, उरलेल्यांना उत्तर द्यायचं काम बाईंचं.

बाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या प्राथमिक शिक्षिका. वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षं चौथीला शिकवलं, मग पट कमी झाला म्हणून शाळा बंद पडली आणि त्या इथं आल्या. नाव कुणी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी साहेबांच्या पत्रातली वाक्यं लाल पेनानं दुरुस्त केली, तेव्हापासून सगळी कचेरी त्यांना ‘बाई’ म्हणू लागली. कंपनीचा खेळ होता ‘गढी’. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, ज्यांनी समोरच्यांची गढी आधी पाडली ते जिंकले. लाखो माणसं घरोघरी पडद्याला चिकटून हे करत आणि हरली की एकमेकांच्या आईबहिणीचा उद्धार करत. बाईंना या खेळाची शिसारी होती. पगार मात्र त्याचाच होता, त्यामुळे थोडी स्वतःचीही होती.

“शुक्रवारी यादी लागणार,” आई म्हणाली. ती एका धुलाईच्या दुकानात इस्त्रीला होती. दोन्ही मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग होते. “पहिल्या शंभरात जो असेल त्याला मोठ्या संघाच्या चाचणीला बोलावतात. राहायची सोय, शिकवणं, सगळं त्यांचं. तिचे वडील गेल्यापासून माझ्या पोरीनं एवढी एकच गोष्ट मागितली हो. दोन वर्षं झिजली त्यासाठी.”

काचेपलीकडून साहेब डोकावले. “नाचता येईना अंगण वाकडं,” ते हसून म्हणाले. “बाई, हरली म्हणून आईला पाठवलंय. दोन गोड शब्द बोला आणि बंद करा.”

आईचा चेहरा पडला. तिनं पिशवीतून एक दुरेघी वही काढली आणि बाईंपुढे सरकवली. मुलीनं स्वतःच्या हातानं रोजचे डाव लिहिले होते, तारखेसकट, वेळेसकट. अक्षर नीटस होतं. बाईंनी सवयीनं समासात बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

अकरा दिवसांत सकाळी घरून अकरा डाव. त्यातले नऊ जिंकले. दुपारी दोन ते पाच, काकांच्या वर्गातून, चौतीस डाव. हरले एकतीस.

मुलगी तीच, खेळ तोच. दुपारी दोन वाजता तिला काय होत होतं?

२. दोन प्रगतिपुस्तकं

खेळाडूंचे नंबर ठरवणारं गणित एका तरुणानं बसवलं होतं. हुशार पोरगा. पण कितीही साधं विचारा, उत्तर दशांश चिन्हाशिवाय यायचं नाही, म्हणून त्याला सगळे दशांश म्हणत. बाईंनी वही त्याच्यापुढे टाकली.

“प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात, बाई. एक दिसणारा आणि एक आतला,” दशांश सांगू लागला. “दिसणारा म्हणजे पायरी. माती, तांबं, चांदी, सोनं, हिरा. आतला कुणालाच दिसत नाही. आपल्यापेक्षा भारी माणसाला हरवलं की तो खूप चढतो, कच्च्याला हरवलं तर जेमतेम. हरलं की उलट.”

“दोन कशाला? एक खरा नाही का?”

“आतलाच खरा. यादीतला नंबर त्याच्यावरूनच लागतो. दिसणारा लोकांच्या समाधानासाठी. साहेबांचा नियम आहे, एकदा हिरा लागला की पुढचे साठ डाव कितीही हरा, हिरा जात नाही. गेला की लोक नाराज होतात आणि खेळ सोडतात.”

“म्हणजे एक प्रगतिपुस्तक पालकांना दाखवायला आणि दुसरं मास्तरांच्या खणात.”

दशांश ओशाळला. “तसंच म्हणा.”

“आणि कुणी कुणाशी खेळायचं हे कोण ठरवतं?”

“जुळवणी यंत्र. त्या क्षणी खेळायला बसलेल्यांतून एकाच पायरीचे दहा जण उचलतं. मग त्यांच्या आतल्या आकड्यांवरून दोन गट असे पाडतं, की दोन्हीकडची बेरीज सारखी व्हावी. म्हणजे कुणीही खेळलं तरी जिंकायची संधी निम्मी निम्मी.”

बाईंनी वहीवर टिचकी मारली. “चौतिसातले सतरा जिंकायला हवे होते. जिंकले तीन.”

दशांशनं गणित मांडलं. पुन्हा मांडलं. त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा बाईंना पहिल्यांदा त्याच्याबद्दल बरं वाटलं. “दुर्दैवानं असं होण्याची शक्यता शून्य दशांश शून्य शून्य...”

“शून्यं मोजत बसू नकोस. नाही म्हण.”

“नाही,” दशांश म्हणाला. “यंत्र बेरीज चुकत नाही, बाई. त्याला कुणीतरी खोटे आकडे खायला घालतंय.”

३. फोटोंची भिंत

मंगळवारी दुपारी बाई मुलीच्या काकांच्या वर्गात गेल्या. चपलांच्या दुकानावरचा मजला. जिन्यातच फलक होता: ‘गढी’चे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, निकालाची परंपरा. आत शिरल्यावर समोरची अख्खी भिंत फोटोंनी भरलेली. बारा-चौदा वर्षांची मुलं, केस चोपून बसवलेले, प्रत्येकाच्या छातीशी धरलेली पाटी: हिरा. तेवीस फोटो बाईंनी मोजले. मुलांचं मोजमाप करून भिंतीला खिळे ठोकणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती आणि कधीच गोड मानून घेतली नव्हती.

“नुकताच निकाल लागला,” काका म्हणाले. त्यांना विद्यार्थी सर म्हणत. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं साखरेत घोळलेलं. “तेवीसच्या तेवीस हिरे. पालकांनी पेढे वाटले बघा.”

“आणि पुतणी?”

काकांचा चेहरा लगेच गंभीर झाला. “पाकोळी? पोर गुणी आहे हो. पण दडपण झेपत नाही. मी कायम सांगतो, मन घट्ट कर. भाऊ गेल्यावर मीच पाहतोय ना सगळं. मागची खोली, चांगला संगणक, इंटरनेट, सगळं फुकट दिलंय.”

पाकोळी हे तिचं खेळातलं नाव. घरातही आता तेच झालं होतं. एकोणीस वर्षांची, बारीक, डोळ्यांखाली काळं. मागच्या खोलीत ती सराव करत होती. बाई तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि पडद्याकडे न बघता हातांकडे बघत राहिल्या. शिक्षकाची खोड. डाव्या हाताची करंगळी दुसऱ्या पेरापासून वाकडी होती.

“लहानपणी दारात चेमटली,” पाकोळी म्हणाली. “वाकत नाही. सगळे पळायचं बटण करंगळीनं दाबतात. मी ते अंगठ्याखाली घेतलंय, लांब पट्टीवर. आणि उडी ‘बी’च्या बटणावर, तर्जनीनं. दुसऱ्या कुणाला माझ्या मांडणीनं चालताच येत नाही, धडपडतात.”

“हे आत्ता कुठलं खातं आहे? नाव तुझं नाही.”

“सरावाचं आहे. काका म्हणतो, आपल्याच खात्यावर सराव केला की समोरच्यांना आपली खेळी पाठ होते. म्हणून नवीन घ्यायचं, मातीपासून वर न्यायचं, हिरा लागला की टाकून द्यायचं. हात तयार राहतो.” तिनं घसा साफ केला. “हात तयारच आहे, बाई. पण दुपारी मी काहीही केलं तरी गढी पडते. आमच्या बाजूची माणसं... जाऊ दे. भिडूंना नावं ठेवणारे खेळाडू मला आवडत नाहीत.”

खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काकांचा मुलगा मोबाइल चाळत पडला होता. वीस वर्षांचा. तोही खेळाडू, एकशे चारावा. पाकोळीसारखे चार जण खाली गेले की तो शंभरात. बाईंनी त्याला जिन्यात गाठलं.

“तू दुपारी तिच्या विरुद्ध खेळतोस का?”

“नाही.”

“आत चांगला संगणक रिकामा आहे. शुक्रवारी यादी लागते. सगळे जिवाच्या करारानं खेळतायत आणि तू मोबाइल चाळतोस?”

“दुपारी मी खेळत नाही,” तो म्हणाला. “सकाळी खेळतो. रात्री खेळतो. दुपारी नाही.”

“कधीपासून?”

त्यानं नजर चुकवली. “झाले असतील दहा-बारा दिवस.”

४. ढ मुलांचा बाक

बुधवारी दशांशनं चौतीस डाव उलगडले. आधी त्यानं समोरच्या बाजूचे खेळाडू तपासले. कुणी लबाडीचं साधन वापरतंय का, कुणी संगनमतानं एकाच वेळी बसतंय का. शंभर-दीडशे खाती कापसासारखी पिंजून काढली. काही नाही. चुलत भावाचंही खरं होतं, अकरा दिवसांत दुपारचा त्याचा एकही डाव नव्हता.

“काखेत कळसा,” बाई म्हणाल्या. “समोरचे काय तपासतोस? तिच्या बाजूचे बघ.”

बघितलं. तिच्या बाजूला प्रत्येक डावात दोन, कधी तीन खेळाडू असे होते की त्यांनी काहीच केलं नव्हतं. सरळ चालत जाऊन मरायचे, परत उभे राहायचे, परत जाऊन मरायचे. आळीपाळीनं तीच तेवीस खाती.

“मुद्दाम हरतायत!” दशांश ओरडला.

बाईंनी त्यातला एक डाव पूर्ण पाहिला. मग दुसरा. सव्वीस वर्षं ज्यांनी चौथीतली मुलं पाहिली त्यांना मुद्दाम चुकणारा आणि खरंच न येणारा यांतला फरक लगेच कळतो. “नाही रे. मुद्दाम हरणारा मजेत असतो. हे बघ, हा वळला, थांबला, परत वळला. घाबरलाय. ह्याला येतच नाही. जीव तोडून खेळतोय बिचारा.”

“पण तो हिऱ्याला आहे!”

“तुझ्या हिऱ्याचं मला सांगू नकोस. मला दुसरंच कळत नाहीये. समोर पाच खुर्च्या, तिच्या बाजूला तिच्याखेरीज चार. वाईट भिडू नशिबानं वाटले गेले, तर समोर जास्त जायला हवेत. हे सगळे तिच्याच गळ्यात का?”

दशांश पुन्हा डाव चाळू लागला. बाईंना मात्र स्वतःच्याच प्रश्नात उत्तर दिसलं, आणि ते फार ओळखीचं होतं. वर्गात दोन गट पाडायचे असले की त्या काय करायच्या? सगळ्यांत हुशार मुलीच्या बाकावर सगळ्यांत ढ मुलं बसवायची. गट सारखे होतात. हुशार मुलगी तक्रार करत नाही. आणि मास्तरीणबाईंना वाटतं, आपण फार न्यायानं वागलो.

“यंत्रानं दहा जण पायरी बघून उचलले,” त्या हळूहळू म्हणाल्या. “हिरा जात नाही, म्हणून ही तेवीस पोरं रोज हरूनही हिऱ्यातच. आतला आकडा मात्र रोज उतरतोय. दहांत सगळ्यांत भारी पाकोळी आणि सगळ्यांत खाली हे. बेरीज सारखी करायची तर त्यांना तिच्याकडेच टाकावं लागतं.”

“बरोबर!” दशांश उठून उभाच राहिला. “आणि आकडा उतरतोय खरा, पण त्यांच्या लायकीपर्यंत अजून पोचलेला नाही. यंत्राला वाटतं दोन्ही बाजू सारख्या. प्रत्यक्षात तिची बाजू कितीतरी हलकी. दुपारी हिऱ्याला जेमतेम सत्तर माणसं असतात, त्यातली तेवीस ही. सकाळी ती शाळेत असतात!” मग त्याचा उत्साह ओसरला. “पण मुळात त्यांचा आकडा इतका वर गेलाच कसा? सुरुवातीचे डाव बघा. शंभरातले नव्वद जिंकलेत. आणि तेरा दिवसांपूर्वी एकाच दुपारी, तेवीसच्या तेवीस, दगडासारखी खाली.”

“त्या दुपारी आणखी काय बदललं?”

दशांशनं प्रत्येक खात्याची नोंद उघडली. नाव बदललं होतं, तेविसांचंही. आणि बटणांची मांडणी. त्या दुपारपासून सर्वांची नेहमीची, सगळे वापरतात ती. त्याआधी पळण्याचं बटण लांब पट्टीवर आणि उडी ‘बी’वर.

तेवीस खाती एकाच हातानं चढवली होती, आणि त्या हाताची करंगळी वाकत नव्हती.

५. सर

गुरुवारी दुपारी तीन वाजता बाई पुन्हा तो जिना चढल्या. या वेळी त्यांनी आईलाही बोलावलं होतं. पुढच्या खोलीत तुकडी बसली होती, कानांवर हेडफोन. पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हेडफोनमधून कुठल्यातरी परक्या पुरुषाचा आवाज बाहेर ऐकू येत होता. तो तिला मर म्हणत होता. ती बाहीनं नाक पुसत होती आणि खेळत होती. बाईंनी तिच्या कानावरून हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि सरळ मागच्या खोलीत गेल्या.

तिथं पाकोळी होती, चुलत भाऊ होता. काका त्यांच्या मागोमाग आत आले. “अहो, असा वर्ग चालू असताना...”

“पाकोळी,” बाई म्हणाल्या, “हिरा लागलेली सरावाची खाती तू टाकून देतेस. कुठे टाकतेस?”

“काकाकडे देते. तो बंद करून टाकतो.”

“तो ती वाटतो. बाहेर भिंतीवर फोटो आहेत ना, ते तू चढवलेले हिरे आहेत. नाव बदललं, बटणं बदलली आणि मुलांच्या हातात दिली. मुलं माती-तांब्याची. तीच मुलं दुपारी तुझ्या बाजूला येऊन बसतात, कारण यंत्राला वाटतं ती तू आहेस. दोन वर्षं तू जो सराव केलास, त्याचा धोंडा तुझ्याच गळ्यात बांधलाय.”

पाकोळीनं काकांकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपलं काहीतरी ऐकण्यात चुकलंय आणि मोठं माणूस आता समजावून सांगेल, अशा नजरेनं. बाईंना ते सर्वांत जास्त झोंबलं.

काकांना लाज वाटेल असं बाईंना उगीच वाटलं होतं. ते खुर्चीत टेकले, पेनं सारखी केली. “त्यात कुणाचं वाईट झालं, सांगा. मुलं खूश, आईबाप खूश. आईबापांना मूल शिकलं का हे नको असतं हो, फोटो हवा असतो. मी फोटो दिला. हिचा सराव तर होतच होता. ही त्यांच्याच बाजूला बसेल हे मला काय स्वप्न पडलं होतं? मी ते यंत्र थोडंच बनवलंय?”

“भाऊजी,” आई म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. “भाऊजी, तुम्ही तिला दडपण झेपत नाही म्हणालात. दहा दिवस रोज म्हणालात. पोर रात्रभर जागून मन घट्ट करत होती.”

“आणि तू,” बाई चुलत भावाकडे वळल्या. “तुझ्या पहिल्याच दुपारी लक्षात आलं. म्हणून दुपारचं खेळणं सोडलंस. तिला एक शब्द बोलला असतास तर?”

“मी काय केलं?” तो म्हणाला. “मी काहीच केलं नाही.”

“तेच म्हणतेय मी.”

पाकोळी उठली. मग बाहेर गेली, पहिल्या रांगेतल्या त्या मुलीजवळ. बाईंना वाटलं, ही आता तिच्यावर ओरडणार. पाकोळीनं फक्त पडद्याकडे बघून विचारलं, “तू किती डाव हरलीस?”

“मोजत नाही,” मुलगी म्हणाली. “सर म्हणाले कुणाला सांगायचं नाही. ताई, मी ढ आहे का?”

६. नियमाप्रमाणे

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि त्यांची मुद्रा उजळली.

“छान तपास. आपल्या यंत्रात दोष नाही हे सिद्ध झालं.”

“तुमच्या न जाणाऱ्या हिऱ्यात आहे,” बाई म्हणाल्या. “हिरा जात असता तर ही पोरं तीन दिवसांत मातीला लागली असती. ना तिचं नुकसान, ना त्यांचं.”

“ते धोरण आहे, बाई. लोकांना आवडतं.” साहेबांनी नियमावली उघडली. “आता कारवाई. नियम साफ आहे, एक माणूस, एक खातं. ज्या हातानं जास्त खाती खेळली, तो हात कायमचा बाद. सगळी खाती रद्द.”

“तो हात त्या मुलीचा आहे. ती फसवली गेलीय.”

“नियमात हात आहे, फसवणूक नाही.”

“आणि काका?”

साहेबांनी खरोखर शोधलं. “त्यांच्या नावावर खातंच नाही. ते खेळतच नाहीत. ज्याचं खातं नाही त्याला आपण काय करणार?” मग त्यांनी आवाज उतरवला. “बघा, मला काही हौस नाही. तिनं तक्रार मागे घेतली तर मी काही वाचलंच नाही. सहा महिन्यांनी नवा हंगाम सुरू होईल, सकाळी सकाळी खेळेल, पुन्हा येईल वर. सगळ्यांचं भलं.”

दशांश दारात उभा होता. साहेब गेल्यावर त्यानं एक चिठ्ठी बाईंच्या हातात दिली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “दोन्ही तऱ्हेनं काढून पाहिलं. त्या खात्यांतली चार, कमी खेळलेल्या मुलांची, अजून पहिल्या शंभरात आहेत; सगळी रद्द झाली की चार जागा वर सरकतात. चुलत भाऊ शंभरावा येतो.”

बाईंना थुंकावंसं वाटलं. कुठे थुंकावं ते कळेना, कारण जिकडे बघावं तिकडे कुणीच काही केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मायलेकी समोर येऊन बसल्या. यादी संध्याकाळी लागणार होती; ही यादी तर गेलीच होती, प्रश्न पुढचा होता. बाईंनी काही न लपवता दोन्ही बाजू सांगितल्या. तक्रार मागे घेतली तर सहा महिन्यांनी पुन्हा संधी. कायम ठेवली तर तेवीस खोटे हिरे जातील, आणि त्यांच्याबरोबर पाकोळीही, कायमची.

“घे मागे, बाळा,” आई लगेच म्हणाली. “सकाळी खेळ. मी कामाची वेळ बदलून घेते. त्या वर्गात पाऊल टाकायची गरज नाही आता.”

पाकोळीनं मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही. “बाई, खाती रद्द नाही झाली तर ती मुलं काय करतील?”

“खेळतील. साठ डाव होईपर्यंत हिऱ्यातच राहतील. काका म्हणणार खेळा, आईबाप म्हणणार खेळा.”

“त्या पुढच्या रांगेतल्या मुलीचं?”

खोटं बोलायची बाईंना इच्छा झाली, पण सवय नव्हती. “काल आपण गेल्यावर आणखी चार डाव हरली. मी पाहिलं.”

“रद्द झाल्यावर तिला नवीन खातं मिळेल? स्वतःचं?”

“मातीपासून.”

“मातीत मज्जा असते,” पाकोळी म्हणाली. “सगळेच धडपडत असतात.” तिनं कंपनीचा अर्ज ओढून घेतला. तक्रार कायम, या चौकोनात खूण केली. आई ‘अगं’ म्हणाली आणि मग तिनं तोंडाला पदर लावला.

अर्जात पुढे एक रकाना होता: संबंधित खात्यांची मूळ नावं. बाईंनी दशांशची यादी तिच्याकडे सरकवली. तिनं ती पाहिलीही नाही. तोंडपाठ लिहीत सुटली, त्याच नीटस अक्षरात, एकाखाली एक. बाई आपल्या यादीवर खुणा करत गेल्या. अठरा, एकोणीस, वीस. तेवीस जुळली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

पाकोळीचं पेन थांबलं नाही. चोवीस, पंचवीस. कागद उलटून ती मागच्या बाजूला गेली. एकेचाळीसला थांबली.

“ही अठरा कुठली?” बाईंनी विचारलं.

“पुढच्या तुकडीची असणार. मंगळवारी तुम्ही आलात तेव्हा मी यातलंच एक चढवत होते.” तिनं आकडे पुन्हा मोजले, मग बेचाळिसाव्या ओळीवर लिहिलं, पाकोळी. सही केली. आणि अर्ज पुढे सरकवता सरकवता, आपण फार काही मागत नाही अशा सुरात म्हणाली, “बाई, त्या खोट्या भिडूंचे डाव वगळले तर मी कितवी होते? यंत्राला काढता येतं का?”

दशांशच्या चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत तेच होतं. बाईंनी ते सकाळपासून तिला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांना त्यांचे गुण सांगितले होते. खरे गुण सांगणं त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं.

“सातवी,” त्या म्हणाल्या.

“सातवी,” पाकोळी आईला म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा निर्मळ आनंद पसरला की बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि ज्या हातानं आयुष्यभर पोरांना शाबासकी दिली त्याच हातानं तिच्या नावावर ‘कायमचे बाद’ असं उमटवलं.